हात मांडीवर ठेवा

फोन आला तेव्हा मी मोहाडी तालुक्यातल्या एका शाळेच्या वऱ्हांड्यात बसून एका लहान मुलीच्या कानात श्रवणयंत्र बसवत होते. पलीकडून बालकल्याण समितीच्या कार्यालयातल्या बाई घाईघाईने म्हणाल्या, "मॅडम, तुमची ती पोरगी पुन्हा पळाली. भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेवर सापडली पोलिसांना. समितीसमोर आणलं आहे. हातवारे करून राहिली, पण इथं कोणालाच काही कळून नाही राहिलं. तुम्ही निघा."

'तुमची ती पोरगी' म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

मी विशेष शिक्षिका आहे. ज्या मुलांना ऐकू येत नाही, नीट दिसत नाही, शिकायला जास्त वेळ लागतो, अशांसाठी मी गावोगावच्या शाळांत फिरते. ही मुलगी मला तलावाकाठच्या एका खेड्यात भेटली होती. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वर्गात शेवटच्या ओळीत बसून ती फळ्यावरची अक्षरं चित्रासारखी उतरवायची. तिला 'पाणी' ही खूण शिकवली त्या दिवशी ती मला हाताला धरून हापशीकडे, तिथून तलावाकडे आणि मग भाताच्या बांधीकडे घेऊन गेली होती. सगळीकडे तीच खूण करून माझ्याकडे पाहत होती, बरोबर आहे ना म्हणून. दोन वर्षं मी तिला आठवड्यातून एकदा शिकवलं. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या भाषेवर कोणी मोठं होत नाही. म्हणून मीच तिच्या वडिलांना सांगून तिला कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत पाठवलं.

वडील शेतकरी. थोडकं बोलणारे. तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट विचारली होती. "मॅडम जी, तिथं तिले कोनी मारलं-झोडलं त ते सांगन कशी?"

"सांगेल," मी म्हणाले होते. "तिथे सगळे तिची भाषा बोलतात."

स्कूटी भंडाऱ्याच्या रस्त्याला लागली तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती एकदा पळाली होती आणि मोहाडीच्या बाजारात सापडली होती. 'घरची आठवण आली असेल' असं सगळ्यांनी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी तिला शाळेत परत सोडलं. मला ते नंतर कळलं. आता ही दुसरी वेळ, आणि तीही हायवेवर. ट्रक माझ्या शेजारून हॉर्न वाजवत जात होते आणि प्रत्येक हॉर्नला मला ती दिसत होती, रस्त्याच्या कडेने चालणारी, मागून काय येतंय ते माहीत नसलेली.

कार्यालयात पोचले तेव्हा ती बाकावर बसली होती. वय तेराच्या आसपास, पण अंगाने दहाची वाटावी अशी. घोट्यापर्यंत चिखल, एका चपलेचा अंगठा तुटलेला. मला पाहून नेहमी धावत येणारी ती जागची हलली नाही. डोळ्यांखाली काळं झालं होतं. झोप नसलेल्या माणसाचे असतात तसे तिचे डोळे मोठे आणि कोरडे होते.

वडील भिंतीला टेकून उभे होते. भाताचं रोवणं अर्धं टाकून आले असावेत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि हातांवर बांधीतली माती वाळलेली. दुसऱ्या बाजूला वसतिगृहाच्या अधीक्षिका. त्यांची साडी चुरगळली होती. रात्रभर मुलीला शोधत फिरल्या होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

समोर टेबलापाशी समितीचे अध्यक्ष होते, वयस्कर गृहस्थ, आणि त्यांच्या शेजारी समितीच्या सदस्य, वकिली करणाऱ्या एक बाई. त्यांनी मुलीला पाणी दिलं, बिस्किटं पुढे केली. तिने हात लावला नाही.

अधीक्षिका आधी बोलल्या. "साहेब, तिसरं वर्ष आहे हिचं शाळेत. हुशार आहे, नाही म्हणत नाही मी. पण हट्टी आहे. घरी जायचं म्हणून पळते. मी एकटी बाई, एवढ्या पोरी. हायवेवर हिचं काही झालं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं?"

"मले द्या तिले," वडील म्हणाले. "मी नेतो जी. शिकली तेवढं बस झालं."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही विचारा तिला. वसतिगृहाबाहेरच्या माणसाने विचारलेलं बरं. आम्हाला तिच्याकडून ऐकायचं आहे."

मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. विचारलं, का गेलीस? आमच्या खुणांच्या भाषेत हा प्रश्न विचारताना चेहऱ्याला महत्त्व असतं. भुवया रागाने आवळल्या तर तोच प्रश्न दरडावणी होतो. मी शक्य तितका चेहरा मोकळा ठेवला.

तिने हात वर उचलले, आणि थांबवले. तिची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे गेली होती. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, नजर मागे गेली आणि हात खाली आले.

मी एकदम वळून पाहिलं. अधीक्षिकांचा हात हवेत होता. बोट ओठांवरून निसटून खाली येत होतं. त्यांच्या पलीकडे वडील, तेही हाताने तिला खुणावत होते, चल, घरी, जेवायला. खोलीत टाचणी पडली तर ऐकू यावी इतकी शांतता होती आणि तरी माझ्या पाठीमागे दोन माणसं तिच्याशी बोलत होती.

"सगळ्यांनी हात मांडीवर ठेवा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

अध्यक्ष चमकले. "म्हणजे?"

"साहेब, ऐकू येणाऱ्या मुलीला कोणी मागून दटावलं असतं तर तुम्हाला ऐकू आलं असतं. इथे हाताने दटावतात. कृपा करून सगळ्यांनीच हात खाली ठेवा. तुम्हीही."

मला वाटलं, आता हाकलतील. अध्यक्षांनी पेन टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. वकील बाईंनी घेतले. वडील खुर्चीवर बसले आणि मातीचे हात गुडघ्यांत दाबून धरले. अधीक्षिकांनी सर्वांत शेवटी ठेवले. "मी फक्त तिला घाबरू नको म्हणत होते," त्या पुटपुटल्या. खरं असेल, खोटं असेल. मला आजही सांगता येणार नाही.

मुलीने खोलीभर पाहिलं. एवढी मोठी माणसं हात बांधून बसलेली तिने कधी पाहिली नसावी. मग तिने सुरुवात केली.

मी तिची एकेक खूण जशीच्या तशी शब्दात मांडत होते. वाक्य करत नव्हते. घाई केली की आपलंच वाक्य तिच्या तोंडी जातं, हे मला या कामाने शिकवलं आहे. तिने दोन्ही तळवे डोळ्यांसमोर आणून एकमेकांवर मिटले. "रात्र," मी म्हणाले. मग मनगट फिरवलं. "कुलूप." ओठांवर बोट फिरवून मिशी काढली आणि पुन्हा किल्ली फिरवली. "चौकीदार." मग दोन्ही हात छातीशी घेऊन ती आक्रसली. "भीती." मग वाकून तिने आपल्या नडगीला हात लावला आणि तळहात पोटरीवरून गुडघ्याकडे हळूहळू सरकवत नेला. तिच्या अंगावर काटा आला होता, मला दिसला.

"पायावर," मी म्हणाले. "काहीतरी. हळू. वर."

पुढची खूण मी कधी पाहिली नव्हती. ती वसतिगृहातल्या मुलींची आपसातली असावी किंवा तिची स्वतःची. मी थांबले.

पण खोली थांबली नव्हती. प्रत्येकाने आपापल्या मनात वाक्य पूर्ण करून टाकलं होतं. वकील बाईंचा चेहरा पांढरा पडला. अधीक्षिकांनी पदर तोंडाशी नेला. वडील उठले, खुर्ची मागे आपटली. "कोन आहे तो? मले नाव सांगा त्याचं. आत्ता सांगा!"

मुलीला शब्द कुठे ऐकू येणार? तिला दिसला तो बापाचा चेहरा. तिने दोन्ही हात काखेत घातले आणि घट्ट दाबून घेतले. असं मूल हात काखेत घालतं तेव्हा त्याने तोंड मिटलेलं असतं.  आता ही पुन्हा बोलणार नाही, असं वाटलं.

"दादा, बसा," मी वडिलांना म्हणाले. "तिला वाटतंय, तुम्ही तिच्यावर चिडलात."

"मॅडम, सरळ विचारा," वकील बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "चौकीदाराने तिला हात लावला का?"

"असं विचारलं तर ती मान हलवेल."

"म्हणजे हो ना?"

"नाही. तिला मोठ्या माणसांपुढे मान हलवायची सवय आहे. तुम्ही विचारलं की चौकीदार देव आहे का, तरी हलवेल. एक खूण मला कळलेली नाही. ती कळल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

"यांनाच कळत नाही," अधीक्षिका म्हणाल्या, "तर मग यांना बोलावलं कशाला?"

  माझ्या एका शब्दावर एक माणूस तुरुंगात जाणार होता, किंवा एक गुन्हेगार मोकळा सुटणार होता, आणि तो शब्द माझ्यापाशी नव्हता. बाहेर कोणाच्या तरी मोबाइलवर गाणं वाजत होतं. पंखा फिरत होता आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

मी खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिला सांगितलं, बाबा तुझ्यावर चिडले नाहीत. तू छान सांगत होतीस. मलाच कळलं नाही. पुन्हा सांगतेस का? वेगळं करून?

 मग तिच्या चेहऱ्यावर वैताग आला, बावळट माणसाकडे पाहताना येतो तसा. त्या वैतागाने माझा जीव भांड्यात पडला. तिने हात काखेतून काढले, मला बाजूला सरकायला लावलं आणि त्या कार्यालयाच्या फरशीवर सरळ आडवी झाली.

तिने डोळे मिटले. झोपलेली. मग तिचा उजवा हात जणू दुसऱ्याच कोणाचा झाला. तो फरशीवरून नागमोडी सरकत आला, तिच्या घोट्यापाशी थांबला, बोटांचं टोक उचलून इकडेतिकडे हललं आणि मग तो हात तिच्या नडगीवरून आडवा पलीकडे निघून गेला. ती उठून बसली. आपल्या डाव्या हातावर तिने नखाने आडव्या रेघा ओढल्या, मनगटापासून कोपरापर्यंत, थोड्या थोड्या अंतरावर. मला न कळलेली खूण ती हीच होती.

"मन्यार," वडील म्हणाले. मला काही बोलायची गरजच पडली नाही. "मन्यार होये जी ते. पट्ट्याची."

पुढे ती थांबली नाही. पाऊस चालू होता, लाइट बंद होते, दार बाहेरून कुलूपबंद. साप पायावरून गेला, वीज चमकली तेव्हा त्याचे पट्टे दिसले, पण ती हलली नाही, कारण तिच्या बाबांच्या बांधीवर तिने पाहिलं होतं की हलायचं नसतं. मग तिने शेजारच्या मैत्रिणीला उठवलं. इथे तिने माझा हात ओढून घेतला आणि माझ्या तळहातात बोटं दाबून दाखवलं, मी तिच्या हातात असं करत होते, साप, साप. अंधारात दुसरं काय करणार? मैत्रिणीला वाटलं, ही मस्ती करते. तिने ढकलून दिलं. मग ही दारावर थापा मारत राहिली. चौकीदार लांब फाटकापाशी झोपतो. कोणी आलं नाही. सकाळ होईपर्यंत ती पत्र्याच्या पेटीवर पाय वर घेऊन बसली. सकाळी चौकीदाराने काठीने खाटांखाली पाहिलं, काही नव्हतं, तो हसला. अधीक्षिकांनी घाईत तिच्या खुणा अर्ध्याच पाहून सांगितलं, स्वप्न पडलं तुला. आणि रात्री पुन्हा कुलूप लागलं. दोन्ही वेळा ती पळाली होती ती त्या कुलपापासून, ते लागायच्या आधीच.

वकील बाईंनी तरी चौकीदाराबद्दल विचारायला सांगितलंच, आणि ते योग्य होतं. मी विचारलं, तो माणूस कसा आहे? तिने खांदे उडवले. किल्ली त्याच्याकडे असते, म्हणाली. आणि तो हळू चालतो.

"पाऊस पडत होता साहेब," अधीक्षिका म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "मला थापा ऐकू आल्या नाहीत. खरंच नाही आल्या. आणि कुलूप नको तर काय करू? मुलींचं वसतिगृह आहे. कोणी बाहेर गेली, कोणी आत आलं, तर पहिली मला विचारतील."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. 

शेवटी अध्यक्षांनी सुस्कारा टाकला. सगळ्यांच्याच मनात होतं ते त्यांच्या सुस्काऱ्यात होतं, की वाईटात वाईट नव्हतं, बरं झालं. त्यांनी पेन उचललं. "मग मुलीला सध्या वडिलांच्या ताब्यात द्यावं."

"साहेब, तिला विचारलं नाही अजून," मी म्हणाले.

"घरी जायलाच तर पळाली ना ती?"

"ते आपण म्हणतोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. मी विचारलं, तुला कुठे राहायचं आहे?

तिने जराही वेळ घेतला नाही. शाळा.

मला वाटलं, मी चुकीचं वाचलं. पुन्हा विचारलं. शाळा, तिने पुन्हा केलं, आणि मग समजावून सांगितलं. घर, असं करून तिने आपलं तोंड उघडमीट केलं. आई, तोंड. आजी, तोंड. बाबा, तोंड. सगळ्यांची तोंडं हलतात. मग 'शाळा' म्हणून दोन्ही हात भराभर नाचवले, हसरा चेहरा करून, आणि लगेच चेहरा गंभीर करून पुढे, पण कडी आतून. आणि दिवा. दिवा विझला की मी कोणाशी बोलू?

मी ते सगळं मोठ्याने सांगितलं. सांगताना वडिलांकडे पाहायचं धाडस झालं नाही.

ते हातांवरची वाळलेली माती खरवडत होते. मग म्हणाले, "काहून विचारलं जी तिले?" आणि लगेच, स्वतःशीच, "बरं केलं. नाही त मी घेऊन गेलो असतो."

समितीने आदेश दिला. दाराला बाहेरच्या कुलपाऐवजी आतून कडी, रात्री मुलींच्या खोलीत एक बाईमाणूस झोपायला, आणि रात्रभर लहान दिवा. मुलगी अधीक्षिकांबरोबर परत गेली. गाडीत बसताना तिने माझ्याकडे बघून कडीची खूण केली आणि बोट रोखलं. लक्षात ठेव.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी वडील माझ्या मोहाडीच्या खोलीवर आले. पिशवीत शेतातली तोंडली होती. दारातच उभे राहून म्हणाले, "मले ते हातानं बोलनं जमन का? या वयात?" आम्ही ओट्यावर बसलो. पहिल्यांदा त्यांना शिकायचं होतं ते 'जेवली का' नव्हतं, 'बरी आहेस का' नव्हतं. त्यांना विचारायचं होतं, 'झोपली का?' त्यांची बोटं जाड, नांगराने वाकलेली. खूण हवेत अर्धी राहायची. पण ते उठले नाहीत.

काही आठवड्यांनी मी न कळवता वसतिगृहात गेले. दुपारची वेळ होती. खोलीत भिंतीवर छोटा दिवा लावलेला होता. रात्री एक स्वयंपाकीण बाई मुलींजवळ झोपू लागली होती. पण दाराला कडी तीच, बाहेरची. आतल्या बाजूला नुसती पेन्सिलीची खूण.

"वेल्डिंगवाला आलाच नाही," अधीक्षिका म्हणाल्या. "मी फोन करते आहे रोज."

मुलगी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. समितीच्या खोलीत सगळ्यांना हात खाली ठेवायला लावणारी हीच का ती बाई, असं त्या नजरेत होतं. मी पर्स खाटेवर ठेवली आणि अधीक्षिकांना म्हणाले, "मी थांबते. तो येईपर्यंत."

"रात्र झाली तर?"

"तर इथेच झोपते."

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिलो.  मग त्यांनी चौकीदाराला सायकलवर बाजारात पिटाळलं. वेल्डिंगवाला तासाभराने आला, कुरकुरत. लोखंडी दाराला आतून कडी लागली, ठिणग्या उडाल्या, मुली डोळ्यांवर हात घेऊन बोटांच्या फटीतून बघत होत्या. बाहेरची कडी त्याने कापून खाली टाकली.

कडी गार झाल्यावर ती मुलगी पुढे आली. आम्हा सगळ्यांना बाहेर जायला लावलं. आत ती एकटी. दार लोटलं आणि कडी सरकल्याचा आवाज आला.

मग काहीच नाही.

आम्ही वाट पाहिली. अधीक्षिकांनी सवयीने दारावर टकटक केली आणि हात तसाच राहिला, कारण टकटक कोणाला ऐकू जाणार? हाक कोणाला मारणार? खिडकी मागच्या बाजूला, उंच. "अडकली असेल कडी," वेल्डिंगवाला म्हणाला. "नवीन आहे, घट्ट बसते."  अधीक्षिका दाराला कान लावून उभ्या होत्या. पहिल्यांदाच, बंद दाराच्या बाहेर, आतल्या माणसापर्यंत पोचायचा कुठलाही रस्ता नसलेल्या. मीही काही वेगळी नव्हते. 

कडी सरकली. दार उघडलं. ती बाहेर आली, घाम पुसत. ती अडकली नव्हती. पाहत होती, किती वेळ आत राहता येतं ते.

ती माझ्याकडे आली नाही. सरळ अधीक्षिकांपुढे जाऊन उभी राहिली आणि भराभर काहीतरी म्हणाली. त्यांनी उत्तर दिलं. त्यांचे हात माझ्यापेक्षा सफाईने चालत होते, हे तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. तिने मान हलवून नाही म्हटलं, त्यांनी पुन्हा समजावलं, तिने पुन्हा काही विचारलं. त्यातल्या अर्ध्या खुणा त्या वसतिगृहाच्या होत्या, मला येत नव्हत्या. अधीक्षिकांच्या कपाळावर आठी होती, पण त्यांनी नजर काढून घेतली नाही.

मी काय चाललंय ते विचारलं नाही. खाटेवरची पर्स घेतली, वेल्डिंगवाल्याबरोबर फाटकाबाहेर आले आणि स्कूटी सुरू केली. मागे वळून पाहिलं तेव्हा त्या दोघी दारातच उभ्या होत्या आणि बोलणं संपलं नव्हतं.